बशीत ठेवलेली तीन बीजं

गुरुवार, १२ फेब्रुवारी २००४

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या डोळ्यांसमोर, मला न विचारता, माझ्या नातवंडाचा निर्णय झाला.

वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेतली. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, तारीख-वेळ घातली तर ती तक्रार, नाहीतर नुसती कुरकुर. मी कुरकुर करत नाही.

झालं ते असं. निशाला भूल देऊन आत नेलं होतं. आम्ही बाहेर बाकावर. मी, जावई प्रसेनजीत आणि त्याची आई सरुबाई. आज आठ बायकांचा नंबर होता, कारण प्रयोगशाळेच्या बाई पुण्याहून महिन्यातून तीनच दिवस येतात आणि सगळ्यांची स्त्रीबीजं एकाच सकाळी काढतात. कुणाची किती मिळाली ते बोळात लगेच पसरतं. कबनूरच्या एका पोरीची चौदा मिळाली म्हणून तिची मावशी बाकावरच्या प्रत्येकीला सांगत फिरत होती. चौदा! लेझीम पथक काढायचंय काय?

मग डॉक्टर विजयसिंह सरनोबत डोक्यावरची हिरवी टोपी काढत बाहेर आले. ‘‘तीनच मिळाली,’’ ते म्हणाले. मला नाही, प्रसेनजीतला. आणि प्रसेनजीतने, जो हॉटेलात चहा की कॉफी हे सांगायलाही वेळ घेतो, त्याने ताबडतोब सांगितलं, ‘‘ठरल्याप्रमाणे करा, सर.’’ डॉक्टरांनी मान हलवली आणि दार बंद.

ठरल्याप्रमाणे! कुणी ठरवलं? कधी? मी त्या बाकावर माणूस म्हणून बसले होते की पिशव्या राखायला?

‘‘काय ठरलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘बशीतच ठेवायचं, आई. सुई नाही.’’

मी पर्समधून पेन काढून पावतीच्या मागे वेळ लिहिली.

रात्री

सकाळी रागात अर्धवट लिहिलं. नीट लिहून ठेवते.

निशा माझी एकुलती एक मुलगी; उपचारांपुरती ती आणि सरुबाई माझ्याकडे राहायला आल्यात. सदतीस वर्षांची. हा तिसरा प्रयत्न, आणि तिने स्पष्ट सांगितलंय, शेवटचा. पहिल्यांदा बीजं सात मिळाली होती, दुसऱ्यांदा पाच, आता तीन. बीजं काढली की दोन वाटा असतात. एक म्हणजे बशीत बीजं ठेवायची, त्यात नवऱ्याचे हजारो शुक्रजंतू सोडायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचं. जे व्हायचं ते आपोआप. दुसरी म्हणजे सुई. चांगला दिसेल तो एकच जंतू उचलायचा आणि बारीक सुईने थेट बीजाच्या आत सोडायचा. इक्सी म्हणतात तिला. मागच्या दोन्ही वेळी मी सुईच करायला लावली. दोन्ही वेळी गर्भ तयार झाले. टिकले नाहीत, ही सुईची चूक नव्हे.

जानेवारीत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. प्रसेनजीतचा रिपोर्ट उत्तम असल्यामुळे सुईची गरज नाही, बशीतही तितकंच जमतं. धोका एवढाच, की कधीकधी सकाळी झाकण काढावं तर एकही जमलेलं नसतं. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, सुई. कबनूरच्या पोरीसारखी चौदा असती तर बशीची हौस केली असती. निशा तेव्हा त्या चित्राकडे बघत होती. काही बोलली नाही. मी तिचं न बोलणं हो म्हणूनच धरते, लहानपणापासून.

छत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला होते, शेवटची नऊ सुपरवायझर. हाताने जोडलेली लाईन आणि आपोआप लागेल म्हणून सोडलेली लाईन, यातला फरक मला कुणी शिकवू नये.

संशय सरुबाईवर आहे. परवा ती मोठ्याने म्हणाली होती, ‘‘सुई कशाला ओ? आमच्या प्रसेनजीतला काय धाड भरलीया?’’ म्हणजे यांच्या लेकाच्या मर्दुमकीसाठी माझ्या लेकीची तीन बीजं वाऱ्यावर.

निशासाठी दूध घेऊन गेले. खोलीला आतून कडी. आमच्या घरात कडी लावायची पद्धत नाही. वाजवली. ‘‘झोपू दे मम्मी,’’ आतून आवाज.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सकाळी फोन वाजला. मीच उचलला.

‘‘निशा मॅडम आहेत का?’’ पुण्याच्या बाई.

‘‘मी आई. किती जमली?’’

‘‘त्यांना द्या ना फोन.’’

‘‘अहो, आई बोलतेय.’’

‘‘हो. त्यांना द्या.’’

निशा पायमोजे न घालता पळत आली. फरशी गार आहे हे मी सांगेपर्यंत तिने फोन घेऊन भिंतीकडे तोंड केलं होतं. पाठ तेवढी दिसत होती. मग ती पाठ हलायला लागली आणि मला कळेना हसतेय की रडतेय. वळली तेव्हा दोन्ही चाललं होतं.

‘‘एक,’’ ती म्हणाली. ‘‘मम्मी, एक झालं. आपलं आपण झालं.’’

तीनांतलं एक. म्हणजे दोन फुकट. सुई असती तर तिन्ही झाली असती. असं मी म्हणाले नाही. म्हणजे म्हणाले, पण हळू. तिने ऐकलं आणि खोलीत गेली. कडी.

सरुबाईने शिरोळकडच्या तिच्या गावी फोन लावला आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, ‘‘एकच हाय, पर दांडगं हाय!’’ हिला कुणी सांगितलं दांडगं आहे?

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज गर्भ आत सोडला. आत एकच माणूस चालतं. निशाने प्रसेनजीतला नेलं. मी माझी पर्स घेऊन उठलेही होते.

बाकावर बसल्याबसल्या शाळेतली प्रार्थना तोंडात आली, ‘कृपापूर्ण मारिये’पासून. अर्ध्यावर भान आलं, मग त्रिशरण म्हटलं. मग वाटलं अर्धवट सोडलेलं बरं नाही, म्हणून पहिली पूर्ण केली. कुणाकडे काय पोचलं असेल, कोण जाणे.

सरुबाईच्या पिशवीत नारळ आणि खण. मी म्हटलं, ‘‘आपल्यात ओटी भरत नाहीत. तुमच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली ना?’’

‘‘ओटीचा न्हाय ओ ईनबाई. चटणीला आणलाय.’’

‘‘आणि खण?’’

‘‘नारळ गुंडाळायला.’’

बाहेर आल्यावर प्रसेनजीत म्हणाला, ‘‘पडद्यावर पांढरा ठिपका दिसला, आई. एवढासा.’’ त्याने बोट आणि अंगठा जवळ आणले आणि मग आणखी जवळ आणले. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, ‘‘रिक्षा सावकाश चालवायला सांगा.’’

रक्ताची तपासणी अठ्ठावीस तारखेला. तोवर थांबायचं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरांना पत्र लिहिलं. विषय: दि. १२ रोजी संबंधितांस विश्वासात न घेता अवलंबिलेली पद्धत. तीन मुद्दे, सही, खाली पूर्ण नाव, सुमित्रा चोकाककर, निवृत्त सुपरवायझर. लेखी उत्तर आठ दिवसांत. स्वतः नेऊन दिलं, कारण काउंटरवरच्या मुलीवर माझा विश्वास नाही.

डॉक्टरांनी माझ्यासमोरच वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, हे मान्य करायला हवं. मग चष्मा काढला.

‘‘मॅडम, तुम्ही एक्स्चेंजला होता. लाईन जोडून दिल्यावर दोघांचं बोलणं ऐकायची परवानगी होती का?’’

‘‘मुळीच नव्हती. मेमो मिळायचा.’’

‘‘आणि ऐकू आलंच, तर बाहेर सांगायची?’’

‘‘अर्थातच नाही.’’

‘‘मग मला कशाला मेमो मिळवून देताय?’’ आणि पत्र परत माझ्या हातात.

चलाख माणूस आहे. प्रश्नाला प्रश्न. पण मी त्याच्या काउंटरवर बसून पाकिटावर शेरा लिहिला: समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

घरी आले तर निशा गॅलरीत उन्हात बसून सरुबाईशी हसत होती. मला बघून दोघी गप्प झाल्या. मी म्हटलं, चालू द्या. चालू झालं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

प्रसेनजीत जयसिंगपूरहून बँक सुटल्यावर आला. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. निशा झोपली होती, म्हणजे दार बंद होतं.

‘‘खरं सांगा. तुमच्या आईला सुईत कमीपणा वाटला, म्हणून तुम्ही बशी म्हणालात.’’

तो भांड्यातलं पाणी प्यायला. परत भरून प्यायला. चांगला मुलगा आहे. मीच शोधलाय. त्याची पत्रिका नाही, पगारपत्रक बघितलं आणि निशाला सांगितलं, हा. तिला तेव्हा पुण्यात आणखी शिकायचं होतं, पण शिकून तरी पुढे काय, लग्नच. आजपर्यंत दोघांत भांडण ऐकलं नाही. म्हणजे माझं चुकलं नाही.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘मला सगळ्यात एकच काम दिलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही. तेवढं तरी धड करू द्या.’’

‘‘कुणी दिलं होतं?’’

तो पुन्हा भांडं भरायला लागला. तेवढ्यात मागून सरुबाई. तिच्या घशाला ट्रंक लाईनची गरजच नाही.

‘‘पानी पिऊन पिऊन फुटशील की! सांग जा. ईनबाई, निशानं ठरवलंय. निशानं. मला तर सुईच पायजे हुती.’’

‘‘तुम्हीच म्हणाला होता सुई कशाला!’’

‘‘ते तुमास्नी चिडवाय म्हनलं. बसल्या बसल्या काय करायचं? मी पोराला म्हनलं, सुई करा बाबा, ईनबाई म्हनत्यात तर काय तरी आसंल. तर ह्यो म्हनला, निशा म्हनती एवढं माझं मला ठरवू दे. मग मी गप बसले. तुमी बी बसा की. कोंबडी सुदीक खुडूक बसल्यावर कुनाला जवळ येऊ देत न्हाय.’’

माझ्या मुलीला कोंबडी म्हणाली. आणि मला राग आला तो त्याचा नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. निशा आपणहून आली, समोर बसली, तीही सोलायला लागली. लहानपणी ती पोकळ घाटे बाजूला ठेवायची आणि बोटाने दाबून फटाके वाजवायची. मी ओरडायचे. आज तिने एक वाजवला. मी ओरडले नाही.

‘‘विचार,’’ ती म्हणाली.

‘‘काय विचारायचं? तीन बीजं होती, निशा. तीन.’’

‘‘माझी होती, मम्मी.’’

मी सोलत राहिले.

‘‘डॉक्टरांना मी तीनदा विचारलं,’’ ती म्हणाली. ‘‘ते म्हणाले, दोन्हींत फार फरक नाही, तुम्हाला शांत वाटेल ते करा. मला पहिल्यांदाच कुणीतरी असं विचारलं. अकरा वर्षं सगळं ठरवून चाललंय. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणतं इंजेक्शन, कोणत्या कुशीवर झोपायचं. आम्ही नवराबायको, पण आमच्यात सारखं कुणीतरी उभं असतं, घड्याळ घेऊन. मला वाटलं, एक रात्र तरी कुणी नको. माझं आणि त्याचं एका बशीत ठेवा, झाकण लावा आणि सगळे घरी जा. जमलं तर जमलं. निदान कुणी दार उघडून बघितलं नाही एवढं तरी.’’

‘‘आणि एकही जमलं नसतं तर?’’

‘‘तर मी खूप रडले असते. पण माझं माझं.’’

हे मला कळलं नाही, असं मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. इतकं शिकलेली मुलगी, तीनांतली दोन घालवते, आणि कारण काय, तर झाकण. शिवाय दाराचा विषय यात कुठून आला? मी दार उघडायचे ते दूध द्यायला. अभ्यास करतेय का बघायला. दिवा चालू राहिला असेल तर बंद करायला.

टोपलीतल्या कितीतरी घाट्यांत एकेकच दाणा निघाला. तिने त्यातला एक कच्चाच खाल्ला.

रविवार, २२ फेब्रुवारी

दूध नेलं. कडी वाजवली नाही. ‘‘बाहेर ठेवलंय गं,’’ म्हटलं आणि ग्लास उंबऱ्यावर ठेवून वर बशी झाकली. परत आले आणि पेपर वाचत बसले. एकच पान वाचत होते. नंतर बघितलं तर ग्लास रिकामा होता आणि बशी त्याच्याखाली नीट ठेवलेली.

सरुबाई म्हणाली, ‘‘शिकाय लागलासा की.’’ मी पान उलटलं. तिची चटणी मात्र चांगली झाली होती, त्याच नारळाची.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज झोप नाही म्हणून जुन्या गोष्टी आठवत बसले.

एक्स्चेंजला रात्रपाळीत प्रसूतीचे कॉल यायचे. मिरजेहून, सांगलीहून, कुठून कुठून. आवाजावरूनच ओळखू यायचं. माणूस नंबर सांगताना अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मी म्हणायचे, ‘‘सावकाश सांगा, लाईन सोडत नाही.’’ आणि मग तो घाईत मलाच सांगून टाकायचा, ‘‘ताई, मुलगी झाली हो!’’ त्याच्या घरी कळायच्या आधी मला. किती घरांतल्या बायका आजी झाल्याचं मला त्यांच्याआधी माहीत होतं! जोडून द्यायचे, प्लग बसवायचे आणि कान काढून घ्यायचे. नियम म्हणजे नियम. पण पलीकडे फोन उचलल्यावर पहिला जो श्वास आत घेतला जायचा, तेवढा ऐकायचे. तेवढा एक. मेमो द्या कुणाला द्यायचा असेल तर.

मागच्या दोन्ही वेळी निशाचा निकाल फोनवर आला. दोन्ही वेळी मीच उचलला. काउंटरवरच्या मुलीने ‘‘नाही आलं’’ असं म्हटलं, जसं दुकानदार सांगतो माल आला नाही. आणि ते मी त्या खोलीत जाऊन सांगायचं होतं. दोन्ही वेळी मी म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी बघू.’’ दुसरं काही सुचलं नाही. माझ्या पलीकडे श्वास घेणारं कुणी नव्हतं, मीच दोन्ही टोकांना.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पहाटे हाक आली. ‘‘मम्मी.’’

आधी वाटलं, भास. मग पुन्हा. गेले तर दार उघडं होतं. सताड. निशा पलंगाच्या कडेला बसली होती, दिवा न लावता.

‘‘थोडं लागलंय,’’ ती म्हणाली. ‘‘डागासारखं.’’

मी दिवा लावायला हात नेला आणि मागे घेतला. ‘‘लावू का?’’ विचारलं. ती नको म्हणाली. मी शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही. तिने नुसतं डोकं टेकलं, माझ्या दंडावर. तिच्या केसांना अजून शिकेकाईचा तोच वास येतो. बाहेर दूधवाल्याची सायकल येऊन गेली. प्रसेनजीत जयसिंगपूरला, सरुबाई हॉलमध्ये घोरत होती. आम्ही दोघी, आणि तो ठिपका. असलाच तर.

नऊ वाजता डॉक्टरांना फोन केला. तिने केला. मी पाणी आणलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘ते म्हणाले, याचा अर्थ काहीही असू शकतो. कधीकधी चांगलंही असतं. शनिवारपर्यंत थांबा.’’

‘‘निजून राहा,’’ मी म्हणाले आणि बाहेर येताना दार ओढून घेतलं.

‘‘राहू दे उघडं,’’ ती म्हणाली.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी २००४

डॉक्टरांना लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. चुकीच्या माणसाला लिहिलं होतं. योग्य पत्त्यावर पुन्हा लिहिते.

प्रति,
जो कोणी किंवा जी कोणी दि. १२ फेब्रुवारीच्या रात्री बशीत होतास किंवा होतीस त्यास.

विषय: पोचल्याची खबर न दिल्याबाबत.

तुझी माझी ओळख नाही. तुझ्याबाबत मला काही विचारण्यात आलं नाही, ही माझी तक्रार कायम आहे आणि राहील. मला विचारलं असतं तर मी तुला सुईने धरून आणलं असतं. पण तुला कुणी धरलं नाही, ढकललं नाही. झाकणाखाली, अंधारात, कुणी बघत नसताना तू आपणहून झालास. तुझी आई तसंच म्हणते, आणि तो तिचा निर्णय होता. तेव्हा मला कबूल करणं भाग आहे, की तू यायचं ठरवलंस ते तुझं तू.

म्हणूनच जबाबदारीही तुझी. जो आपणहून येतो त्याने पोचल्याचं कळवायला नको? तेरा दिवस घर कानोसा घेऊन बसलंय. तुझी एक आजी चटणीचे नारळ आणून आणून थकली. तुझा बाप बोट आणि अंगठा जवळ आणून सगळ्या बँकेला दाखवत असतो. तुझी आई दार उघडं ठेवून झोपते. मी काय करते ते विचारू नकोस. मी पेपर वाचते.

काल पहाटे जे काही डाग लागले, ते तू निघाल्याची खूण होती की बसल्याची, याचा स्पष्ट खुलासा हवा. काहीही असू शकतं, असली उत्तरं डॉक्टरांना शोभतात.

आमच्याकडे खूप काही आहे असं नाही. आठव्या गल्लीतला दुसरा मजला, गॅलरीत दुपारपर्यंत ऊन. माझी जीभ तिखट आहे हे तुला कुणी ना कुणी सांगेलच, तेव्हा मीच सांगते. पण दार वाजवल्याशिवाय मी आत येणार नाही. हे लिहून देते.

उत्तर फोनवर चालणार नाही. फोनवर मी दोनदा ऐकलंय. उत्तर लेखीच हवं, प्रयोगशाळेच्या कागदावर, तारखेसह. ते उद्या शनिवार, दि. २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी निशाच्या हातात पडलं पाहिजे. माझ्या नव्हे, तिच्या. मी बाकावर बसून असेन.

लाईन सोडत नाही.

सुमित्रा चोकाककर